चार स्लॉटचा बोर्ड

माझ्या डाव्या बाहीचं बटण सैल झालं होतं, आणि ते शिवून घे म्हणून ताई कधीची मागे लागली होती. ते मी वेळेवर शिवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं तिचं अजून म्हणणं आहे. मला ते पटत नाही. बटण घट्ट असतं तर मी कोपराने काहीतरी केलं असतं.

झालं ते असं. ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली होती आणि तिच्यावर घरी जोडायच्या कॉम्प्युटरचे सगळे भाग मांडले होते. ऑपरेशनच्या आधी हत्यारं मांडतात ना, तसे. मधोमध मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो त्याच्यावरचं काळं झाकण भावोजींनी नुकतंच काढलं होतं, आणि आत मुंगीच्या पायाएवढ्या पिना कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या रांगेत उभ्या होत्या.

"मामा, लांबून बघ," भाची म्हणाली.

मी लांबूनच बघत होतो. फक्त पलीकडे पडलेला स्क्रूड्रायव्हर भावोजींच्या हातात द्यावा, एवढंच मनात आलं. माणसाने दुसऱ्याच्या उपयोगी पडावं असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे आणि त्याचा त्रास नेहमी दुसऱ्याला होत आला आहे. माझा हात पलीकडे गेला, बाही मधोमध आली, लोंबतं बटण त्या चौकोनात उतरलं आणि उभ्या पिकातून बैल जावा तसं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं.

भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून भिंग काढलं, आणि बराच वेळ ते त्या चौकोनात बघत राहिले.

"किती वाकल्या बाबा?" भाचीने विचारलं.

"उभ्या किती आहेत ते विचार," भावोजी म्हणाले. मग भिंग पुसून खिशात ठेवत माझ्याकडे वळले. "मेहुणे, आता तो स्क्रूड्रायव्हर देऊन टाक. त्याच्यासाठीच एवढा प्रवास केलास."

हे भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी बस डेपोच्या स्टोअरमध्ये. समोर एक जाळीची खिडकी, मागे छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि रॅकवर गाडीच्या पोटात असू शकतं ते सगळं. डेपोत त्यांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही. तिथे ते 'एक्स्ट्रा'. कारण मेकॅनिकने एक बोल्ट मागितला की ते दोन देतात. विचारलं तर म्हणतात, "एक बसवायला, एक हरवायला."

न उघडणारी वस्तू या माणसाने आयुष्यात विकत घेतलेली नाही. दुकानात गेले की आधी वस्तू उलटी करून स्क्रू शोधणार. स्क्रू नसले तर दुकानदाराकडे असे बघणार, जणू त्याने त्यांना रिकामा खोका विकायला काढलाय. "सील केलेली वस्तू म्हणजे तोंड शिवलेला माणूस," ते म्हणायचे. "कुठे दुखतंय ते सांगणार कसा?" त्यांच्या बैठकीतल्या पंख्याची मोटर बदललेली, पाती बदललेली, दांडा बदललेला. मी एकदा विचारलं, "भावोजी, यात मूळचं काय राहिलंय हो?" त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "वारा."

खिडकीत बसून बसून त्यांना ड्रायव्हरांची चांगलीच पारख झाली होती. रोज कोणीतरी येऊन कुरकुरणार: ब्रेक उशिरा लागतो, आरसा हलतो, सीटची स्प्रिंग टोचते. दुसरा स्टोअरकीपर वैतागला असता. भावोजी खूश असायचे. "तक्रार करतोय तोवर गाडीवर जीव आहे," मला एकदा समजावून सांगितलं होतं. "एक दिवस तोच माणूस येतो आणि म्हणतो, चालतंय हो, असू दे. आपण ओळखायचं. याच्या खिशात बदलीची ऑर्डर आहे." हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. लक्षात ठेवायला हवं होतं.

तर, कॉम्प्युटर. भाची शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली आणि तिला चित्रं हलवायची हौस लागली. कागदावर मांजर काढायची, मग तेच मांजर दहा कागदांवर, मग कागद फडफडवून मांजर पळवायची. घरात कॉम्प्युटर नव्हता. शेजारीपाजारी सगळ्यांचं म्हणणं पडलं, लॅपटॉप घेऊन टाका. भावोजींनी शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागवून घेतला, उलटा केला आणि साभार परत पाठवला.

"आपण जोडू," ते भाचीला म्हणाले. "आत्ता झेपेल तेवढा. मग दरवर्षी एकेक भाग वाढवत न्यायचा. यंदा डोकं, पुढच्या वर्षी स्मरणशक्ती, त्याच्या पुढच्या वर्षी डोळे."

"म्हणजे दोन वर्षं तो आंधळा?" भाची म्हणाली.

"दोन वर्षं त्याला चष्मा लावू."

तिथून ते दोघं जे लागले. ताईने त्याला 'मुलगी बघण्याचा कार्यक्रम' असं नाव ठेवलं. दर सुट्टीला दोघं बाजाराच्या त्या गल्लीत, जिथे जिन्यावरसुद्धा खोक्यांचे ढीग असतात आणि दुकानदार खोक्यांमधल्या फटीतून बोलतो. घेणार काही नाहीत, बघणार सगळं. भाची प्रत्येक वस्तूत खोट काढायची म्हणून भावोजी तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायला लागले. हा पंखा आवाज करतो. हा कीबोर्ड दाबला की रडतो. या कॅबिनेटचा पत्रा एवढा पातळ आहे की मांजर बसलं तर चेपेल.

"आपल्याकडे मांजर नाही," भावोजी म्हणायचे.

"दहा कागदांवर आहे."

भावोजींनी सगळ्यात आधी घेतला तो पॉवर सप्लाय, तोही लागतो त्यापेक्षा बराच तगडा. "आधी डिझेलची टाकी मोठी, मग इंजिनाचं बघू. इंजिन बदलता येतं, टाकीसाठी गाडी कापावी लागते." मग ऐसपैस कॅबिनेट. मग एक जुना पण नीट बघून घेतलेला मॉनिटर. ताईची एकच अट होती, आवाज नको आणि धूळ तिने पुसायची नाही. दोन्ही अटी मान्य झाल्या आणि दोन्ही कोणी पाळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं.

खरी लढाई झाली ती मदरबोर्डवर. भावोजींना मेमरीचे दोन स्लॉट असलेला बोर्ड पुरेसा वाटत होता. वाचलेल्या पैशांत प्रोसेसर जरा बरा घेऊ, हा हिशोब. भाचीला चार स्लॉटच हवे होते. बसस्टॉपवरच्या बाकावर बसून दोघं भांडले. मी मधे बसलो होतो, म्हणून मला दोन्ही बाजूंनी ऐकू आलं.

"बाबा, दोन स्लॉटमध्ये चित्र हलणारच नाही. दोन भरले की संपलं, मग वाढवणार कुठे? तूच म्हणतोस ना, टाकी मोठी हवी?"

"चार रिकामे स्लॉट घेऊन आपण काय त्यात फुलं लावायची?"

"दोन भरायचे आणि दोन वाट बघायला ठेवायचे. तूच एक्स्ट्रा ना? मग?"

बस आली आणि गेली. रांगेतल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, वाटणी कशाची चालली आहे. शेवटी भावोजींनी हात वर केले. दुसऱ्या दिवशी डेपोभर ते सांगत फिरत होते, "इन्स्पेक्टरने मला हरवलं." एवढ्या आनंदाने हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे महिनाभराने त्यांनी बैठकीच्या कोपऱ्यातलं चपलांचं कपाट हलवलं आणि तिथे बसेल असं टेबल स्वतः केलं. मला फोन करून बोलावून घेतलं. टेबलाची रुंदी बघून मी म्हणालो, "भावोजी, एका कॉम्प्युटरला एवढं कशाला?"

"दोन खुर्च्या बसतील एवढं केलंय," ते म्हणाले. "ती मांजर हलवणार, मी बाजूला बसून बघणार. शिकीन मी पण थोडं. निदान मांजराची शेपटी तरी मला हलवू देईल."

तेव्हा मी मान डोलावली आणि विषय बदलला, कारण मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

त्याच्या आधीच ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं होतं. भाचीने लांबच्या शहरातल्या एका कॉलेजात चित्रं हलवण्याच्या कोर्सला अर्ज केला होता. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी सुचवलं, आईने संमती दिली. तिथे प्रवेश मिळाला तर वसतिगृहात राहायचं, सुट्टीत घरी यायचं.

"भावोजींना सांगितलंस?" मी विचारलं.

"आत्ता नको. मिळाला तर बघू. नाही मिळाला तर उगाच त्यांच्या जिवाला घोर."

मग तिला परीक्षेला बोलावणं आलं. तेव्हा ताई म्हणाली, निकाल लागू दे. निकाल लागला, प्रवेश मिळाला. तेव्हा ताई म्हणाली, "आता सांगितलं तर ते मशीन अर्धवट टाकतील रे. एवढे रमलेत. मशीन चालू होऊ दे, त्या आनंदात सांगू." प्रत्येक वेळी तिचं बोलणं मला पटलं. ताईचं बोलणं पटण्याची मला लहानपणापासून सवय आहे. भाचीला मात्र ते कधीच पूर्ण पटलं नव्हतं. "मामा, मी सांगू का त्याला?" असं ती मला दोनदा विचारून गेली. मी दोन्ही वेळा म्हणालो, "आईला विचार."

परीक्षेला तिला मीच घेऊन गेलो. घरी सांगितलं होतं, मामाचं कपाट हलवायचं आहे, मदतीला चाललीय. आणि बसने जाणं शक्यच नव्हतं. डेपोचा प्रत्येक ड्रायव्हर तिला ओळखतो. संध्याकाळपर्यंत खिडकीवर बातमी पोचली असती. म्हणून आम्ही रेल्वेने गेलो. कॉलेजने लॅपटॉप हवाच म्हणून कळवलं, तो ताईने आणला, तो माझ्याकडे कपाटात स्वेटरांच्या खाली होता. मी बँकेत काउंटरला बसतो. लोकांची गुपितं सांभाळणं हे माझं कामच. पण घरी मूग गिळून बसणं वेगळं. भावोजी फोनवर पंखे आणि केबली यांबद्दल सांगत राहायचे आणि मी "वा, वा" म्हणत राहायचो.

अशा सगळ्यात माझं बटण त्या पिनांमधून गेलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही तिघं वाकलेला बोर्ड घेऊन गल्लीत गेलो. दुकानदार एका उंच स्टुलावर बसतो आणि गिऱ्हाइकाला बॉस म्हणतो. त्याने बोर्ड दिव्याखाली धरला.

"बॉस, याच्यावरून काय गेलं?"

"बटण," भावोजी म्हणाले.

"वॉरंटीत बटण येत नाही."

"आमच्या घरात लग्नाबरोबर आलं ते. त्याला कसलीच वॉरंटी नव्हती." भावोजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानदार हसला, मीही हसलो. तोवर सगळं नीट होतं.

"नवा घ्यावा लागेल," दुकानदार म्हणाला. "हाच आहे, चार स्लॉटवाला. नाहीतर तुम्ही आधी बघितलेला दोनवाला आहे."

"चारवालाच द्या," मी पुढे होऊन म्हणालो. "पैसे माझे. बटण माझं होतं."

भाची काउंटरवरच्या खोक्याची पट्टी नखाने सोलत होती. ती म्हणाली, "दोनवाला चालेल बाबा."

भावोजींना वाटलं, मामाचे पैसे वाचवतेय. "अगं, मामाला भरू दे की. त्याला अद्दल नको?"

"तसं नाही. आपल्याला कुठे एवढं लागणारे? पुढचं पुढे."

"दोनमध्ये चित्र हलत नाही म्हणालीस."

"हलेल. जरा हळू हलेल."

"बरं. आणि तो पंखा? आज परत करायचा ना? आवाज करतो म्हणून तू डोकं खाल्लं होतंस माझं."

"असू दे ना. चालतंय तेच."

तिला काय होत होतं ते मला कळत होतं. जी वस्तू आपण वापरणार नाही तिच्यासाठी बापाकडून, मामाकडून काही मागून घ्यायला तिची जीभ रेटत नव्हती. तिने तेवढंच केलं. पण ऐकणारा माणूस जाळीच्या खिडकीत जन्म घालवलेला होता.

भावोजींचे हात काउंटरवर होते ते त्यांनी हळूच खाली घेतले. "बॉस, आलो," ते म्हणाले आणि बाहेर गेले. मीही मागोमाग गेलो. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, तिथे ते उभे होते.

"बदली कुठे झाली?"

"कोणाची, भावोजी?"

"मेहुणे, उगाच नाटक नको."

मी शहराचं नाव सांगितलं. कोर्सचं सांगितलं. वसतिगृहाचं सांगितलं. ते ऐकत होते आणि एका खोक्याचं उघडं झाकण पुन्हा पुन्हा बंद करत होते. ते पुन्हा उघडत होतं.

"परीक्षा असेल याला. कधी गेली?"

"माझं कपाट हलवायला आली होती ना..."

"हललं का कपाट?"

"नाही."

"बरोबर कोण होतं?"

"मी."

"सकाळच्या गाडीने गेलात? का दुपारच्या? दुपारची खडखडते फार, तिचं मागचं..." ते थांबले. डेपोच्या प्रत्येक गाडीचं दुखणं त्यांना पाठ. त्यातल्या कोणत्या गाडीने मुलगी गेली आणि आपल्याला कळलं कसं नाही, याचा ते मनातल्या मनात शोध घेत होते.

"रेल्वेने गेलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी गेली म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"ड्रायव्हरच्या मागची खिडकी तिची आहे," ते म्हणाले. "चालायला लागली तेव्हापासून. कोणत्याही गाडीत बसली तरी तिथला माणूस उठून तिला जागा देतो."

"म्हणूनच," मी म्हणालो.

हा शब्द परत तोंडात घालता आला असता तर मी घातला असता.

"हिला माहीत आहे." हिला म्हणजे ताईला. त्यांनी ते विचारलं नव्हतं. "तुला माहीत आहे. पोरीला तर माहीतच. म्हणजे मी सोडून सगळे."

"भावोजी, मशीन चालू झालं की त्या आनंदात सांगणार होतो. ताई म्हणाली, तुम्ही एवढे रमलात..."

"डेपोत कोणाचं पोरगं बरोबर आलं ना, की आम्ही त्याला दोन जुने नटबोल्ट देतो. फिरवत बसतं. तोवर मोठ्यांची कामं होतात." त्यांनी खोक्याचं झाकण सोडून दिलं. "मला नटबोल्ट दिले होतेत."

ते आत गेले.

भाची तिथेच होती, पट्टी पूर्ण सोलून झाली होती. भावोजींनी दोन्ही खोकी शेजारी शेजारी ठेवली.

"इन्स्पेक्टर, चालेल कोणता ते कळलं. हवा कोणता?"

तिने सोललेल्या पट्टीची गुंडाळी केली.

"मग दोनवाला द्या, बॉस. घरात आता माणसं दोनच असणारेत."

भाचीने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बाबा," ती म्हणाली. मग एकदम, "बाबा, चारवाला घे."

"कशाला?"

"घे ना. चारवाला घे."

"कोणासाठी ते सांग, घेतो."

दुकानदार एवढे महिने त्यांची भांडणं ऐकत आला होता. त्याने स्टूल फिरवलं आणि जिथे धूळ नव्हती असा एक कप्पा पुसायला घेतला.

परतीची बस भावोजींच्या डेपोचीच होती. कंडक्टरने लांबूनच आवाज दिला, "काय एक्स्ट्रा, झालं का मशीन?"

"झालंच म्हणा," भावोजी म्हणाले.

ड्रायव्हरच्या मागची खिडकी एका गृहस्थांनी उठून भाचीला दिली. तिच्या शेजारची जागाही रिकामी होती. ती भावोजींची. ते दांडीला धरून उभे राहिले, बगलेत दोन स्लॉटचा बोर्ड. ती जागा घरापर्यंत तशीच रिकामी राहिली. मला बसायचा धीर झाला नाही.

ताईने दार उघडलं आणि आम्हा तिघांचे चेहरे बघून तिला काय समजायचं ते समजलं. "मी सांगणारच होते हो," ती म्हणाली.

"हो. आनंदात." त्यांनी चपला काढल्या, नेहमीसारख्या जोडून ठेवल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाची समजूत घालता येते.

"तुम्ही पाठवलं नसतंत तिला," ताई म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. "तुमचा जीव तिच्यात अडकलेला. तुम्ही नाही म्हणाला असतात आणि पोरीने ऐकलं असतं. मला ते नको होतं."

"विचारलंस?"

"नाही."

"मग पाठवलं असतं का नसतं, हे तुला कुठून कळलं?" ते खुर्चीत बसले. "मला तरी कुठे माहीत आहे? आता कधी कळणारही नाही. मी हो म्हटलं असतं कदाचित. माझ्या तोंडचा हो तुम्ही तिघांनी मिळून पळवलात."

भाची म्हणाली, "बाबा, स्लॉटसाठी भांडले ते खरं होतं. मला खरंच मजा येत होती. अजून अर्जाचंही ठरलं नव्हतं तेव्हा."

"असेल," भावोजी म्हणाले. "आता कुठलं खरं धरायचं ते मला मागे जाऊन निवडत बसावं लागेल. जरा वेळ लागेल त्याला."

त्यानंतरच्या सुट्टीला मी गेलो तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. बरोबर लॅपटॉपची पिशवी. ताईनेच सांगितलं होतं, आता लपवाछपवी पुरे, घेऊन ये. बैठकीत कोपऱ्यातल्या त्या रुंद टेबलावर भावोजी एकटेच काम करत होते. भाची शेजारी उभी राहून एकेक स्क्रू पुढे करत होती. ते स्क्रू घेत होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. दोन खुर्च्यांपैकी एक आत जेवणाच्या टेबलाशी गेली होती.

मी पिशवी ठेवली. त्यांनी लॅपटॉप बाहेर काढला, सवयीने उलटा केला.

"उघडतो?"

"नाही," भाची म्हणाली. "म्हणजे उघडला तरी उपयोग नाही. मेमरी आत चिकटवलेलीच असते."

"वाढत नाही?"

"नाही."

"हं." त्यांनी तो परत पिशवीत घातला आणि पिशवीची चेन नीट शेवटपर्यंत लावली. जपून लावली. मुलीचं सामान होतं.

ऐसपैस कॅबिनेटमध्ये तो लहानसा बोर्ड बसला तेव्हा मोठ्या बंगल्यात एकट्याच भाडेकरूने पथारी टाकावी तसं दिसलं. भोवती सगळीकडे मोकळे पत्रे आणि काहीही न अडकवलेली भोकं. तगड्या पॉवर सप्लायमधून निघालेल्या केबलींपैकी निम्म्या केबलींना जायला ठिकाणच नव्हतं. भावोजींनी त्या गुंडाळून, पट्टीने बांधून एका कोपऱ्यात ठेवल्या. प्रोसेसर बसवताना त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला पाठ लावली आणि हात मागे बांधले.

बटण दाबलं आणि मशीन पहिल्या झटक्याला सुरू झालं. एवढे महिने ज्या क्षणाची सगळ्यांनी वाट बघितली तो आला, आणि टाळी वाजवायला कोणाचा हात उठेना. ताई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. ते हात केव्हाच कोरडे झाले होते. पडद्यावर उजेड आला. कॅबिनेटमधून घरघर ऐकू यायला लागली.



"पंखा आवाज करतोय," भाची म्हणाली.

भावोजींचा हात माउसवर होता, तो थांबला.

"मी आधीच म्हटलं होतं हा पंखा नको," तिचा आवाज जरा चिरकला, पण ती थांबली नाही. "परत करायचा होता. आणि त्या केबली तू कशाही बांधल्यास, हवा अडतेय त्यांनी. आणि सुट्टीत मी येईन तेव्हा मला दुसरी खुर्ची इथे लागेल, ती आत का नेलीस?"

भावोजी पडद्याकडेच बघत होते. डेपोच्या खिडकीत ड्रायव्हर पुढ्यात उभा राहिला की ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात ते म्हणाले, "तक्रार लिहून घेतली."

एवढंच. खुर्ची काही त्यांनी बाहेर आणली नाही. पण कॅबिनेटचा बाजूचा पत्रा त्यांनी पुन्हा उघडला, स्क्रू एकेक करून भाचीच्या हातात दिले आणि बांधलेल्या केबलींची पट्टी कापायला घेतली. तिने स्क्रू मुठीत धरले. ताईने दारातून एक लांब श्वास सोडला. माझाही जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की मला लगेच उपयोगी पडावंसं वाटतं.

मी भिंतीपासून एक पाऊल पुढे आलो. उघडे कोपर त्यांना दिसतील असे धरले आणि म्हणालो, "भावोजी, मी काही मदत करू का?"

"इतके महिने केलीस, तेवढी पुरे."